निफाडच्या पहाटेची थंडी

जानेवारीत पहाटे चारला मी बॅटरी घेऊन द्राक्षबागेत जातो. मांडवाच्या तारेला थर्मामीटर टांगलेला आहे. पारा पाच अंशांपर्यंत उतरला असेल तर ड्रीप चालू करायचं, बांधावर शेकोट्या पेटवायच्या. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार, तेवढीच मुळांना ऊब. साखर भरत आलेला मणी थंडीने तडकला की घड बाजाराला चालत नाही.

लहानपणी वाटायचं, ही थंडी आमच्या निफाडचीच. पण ती फार लांबून निघालेली असते. हवा एखाद्या मुलखावर बरेच दिवस मुक्कामाला राहिली की तिथला गुण घेते. बर्फाळ मैदानावरची थंड आणि कोरडी होते, उष्ण समुद्रावरची दमट. अशा दोन हवा समोरासमोर आल्या तरी सहज मिसळत नाहीत. जड, थंड हवा पाचरीसारखी खाली घुसते, हलक्या उबदार हवेला वर उचलते. वर गेलेली हवा निवते, ढग धरतात, पाऊस होतो. दोघींच्या सीमेला ‘आघाडी’ म्हणतात. नॉर्वेतल्या बर्गनमध्ये विल्हेल्म बियर्कनेस आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हे उलगडलं, शब्दही रणांगणावरचाच घेतला. १९१८ साली तिथे धान्याची टंचाई होती, म्हणून त्यांनी शेतकऱ्यांसाठी हवामानाचे अंदाज सुरू केले. हे वाचलं आणि ती माणसं मला जवळची वाटली.

अशा दोन हवांच्या झटापटीतून जन्मणारा पश्चिमी झंझावात हिवाळ्यात आपल्याकडे येतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघतो, इराण, अफगाणिस्तान ओलांडतो, हिमालयावर बर्फ टाकतो, पंजाबच्या गव्हाला पाऊस देतो. तो पुढे सरकला की त्याच्यामागून उत्तरेची कोरडी, गार हवा खाली उतरते आणि आमचा पारा घसरतो.

कधी वरच्या थरातली गार हवा थेट महाराष्ट्रावर येते आणि खाली समुद्रावरून बाष्प आलेलं असतं. मग ढग उंच चढतात, गारा पडतात. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर तेच झालं. माझी काढणी चार दिवसांवर होती. पत्र्यावर दहा मिनिटं गारा वाजल्या. दुसऱ्या दिवशी फुटक्या मण्यांतून रस गळत होता आणि बागभर आंबूस वास होता.

गारांपुढे माझं काही चालत नाही. थंडीची मात्र आधी चाहूल लागते. काश्मिरात बर्फ पडल्याची बातमी आली की मी त्याच संध्याकाळी लाकडं बांधावर नेऊन रचतो.