लाल ठिपका लक्ष्यावर कसा टेकतो?

रात्रीच्या रेल्वेत डब्यातला दिवा खिडकीबाहेर, अंधारात तरंगताना दिसतो. रायफलवरच्या रेड डॉट साइटमध्येही असंच प्रतिबिंब असतं. आतल्या इवल्याशा एलईडीचा प्रकाश वक्र काचेवर पडतो. काचेवरचा लेप लाल रंग डोळ्याकडे परतवतो, बाकीचा प्रकाश बहुतांशी आरपार सोडतो. परतलेले किरण समांतर असल्यामुळे ठिपका दूर लक्ष्यावरच टेकल्यासारखा भासतो. डोकं किंचित हललं तरी नेम फारसा ढळत नाही.

साइट निवडताना आधी ठिपक्याचा आकार पाहावा. तो एमओए, म्हणजे मिनिट ऑफ अँगल, या कोनाच्या मापात मोजतात. २ एमओएचा ठिपका १०० मीटरवर सुमारे ६ सेंटिमीटर जागा झाकतो, तर ६ एमओएचा १७ सेंटिमीटर. मोठा ठिपका नजरेला चटकन सापडतो, लहान ठिपक्याने लांबचा नेम बारकाईने धरता येतो. ठिपका विस्कटलेला दिसला, तर आधी डोळे तपासून घ्यावेत. दृष्टिवैषम्य असलेल्यांना तो तसाच दिसतो.