टॅक्सीचा परवाना प्रकृतीमुळे गेला? आधी ३० दिवस मोजा!



जवाहरनगर, ठाणा पेट्रोलपंप या भागात दोन-तीन एकर धानावर घर भागत नाही. म्हणून घरातला एक जण आयुध निर्माणीत कामाला लागतो, तर दुसरा महामार्गावर टॅक्सी चालवतो. रोवण्याच्या वेळी खताची थैली येते ती पुष्कळदा टॅक्सीच्याच पैशातून. अशा घरात चालकाचा परवाना हा सातबारासारखाच जपायचा कागद आहे.

मागे याच भागातले एक टॅक्सीवाले शेतकरी माझ्याकडे आले. वय पन्नाशीजवळ. परवान्याच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांनी तपासले, तेव्हा लांबचे अंधुक दिसते असे निघाले आणि नूतनीकरण नाकारले गेले. "साहेब, लायसन गेलं. आता गाडी विकतो, नाहीतर एक बांधी विकतो," ते म्हणाले.

मी विचारले, "भाऊ, कार्यालयाचा लेखी कागद कुठे आहे?" तो घरी पिशवीत पडला होता. वहिनींनी शोधून दिला. हाती पडून २२ दिवस झाले होते. मग दुसरी गोष्ट कळली. भाऊंना चष्मा होता, पण चष्मेवाल्या चालकाच्या गाडीत लोक बसणार नाहीत या भीतीने ते तो लावत नसत. तपासणीलाही बिनचष्म्याचे गेले होते!

आता कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६ प्रमाणे, चालक आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे गाडी चालवण्यास अयोग्य आहे असे मानायला सबळ कारण असेल, तर परवाना रद्द करता येतो किंवा वैद्यकीय दाखला मागता येतो. मात्र कलम १७ सांगते की, परवाना नाकारताना वा रद्द करताना कारणांसह लेखी आदेश दिला पाहिजे. तो आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत नेमलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते. तेथे चालकाचे आणि कार्यालयाचे, दोघांचेही म्हणणे ऐकून निर्णय होतो, आणि तो कार्यालयाला मानावाच लागतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण हे कोर्ट नव्हे, हा तुमचा हक्क आहे.

बियाणे उगवले नाही तर आपण पावती आणि लेबल घेऊन तक्रार करतो, तसेच येथेही करावे :

१) तोंडी उत्तरावर परत येऊ नका. लेखी आदेश मागा आणि तो मिळाल्याची तारीख त्यावर लिहून ठेवा.

२) कारण नेमके काय दिले आहे ते वाचा. अपील कोणाकडे करायचे ते कार्यालयातच विचारा.

३) त्याच कारणापुरता तज्ज्ञ डॉक्टरांचा नवा दाखला घ्या. नमुना १-अ हा वैद्यकीय दाखल्याचा नमुना. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबर पाटी वाचता आली पाहिजे. चष्मा असेल तर तो लावून. रंगांधळेपण सौम्य किंवा मध्यम असेल, तर २०२० च्या नियमबदलानंतर परवाना मिळू शकतो.

४) वकिलाचा खर्च झेपत नसेल तर भंडाऱ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि अल्प उत्पन्नाचे लोक यांना मोफत साहाय्य मिळते.

५) निकाल लागेपर्यंत गाडी चालवू नका. परवान्याशिवाय चालवल्यास ५,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. मग बांधीच काय, घरही जायचे.

नोकरीतल्या चालकाची गोष्ट वेगळी. तेलंगणाच्या सरकारी बससेवेतील एका रंगांधळ्या चालकाला वैद्यकीय कारणावरून घरी बसवले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला दुसरे काम द्यायला सांगितले. स्वतःची टॅक्सी चालवणाऱ्याला असे दुसरे काम कोण देणार? म्हणून त्याने हे ३० दिवस वाया घालवू नयेत.

पण एक गोष्ट मनाशी प्रामाणिकपणे ठरवा. फेफरे येत असेल, अचानक शुद्ध हरपत असेल, रात्री दिसत नसेल, तर भांडू नका. मागच्या सीटवर कोणाची तरी लेकरे बसलेली असतात. मोतीबिंदू असेल तर आधी शस्त्रक्रिया करून घ्या, दृष्टी सुधारली की नव्या दाखल्यासह पुन्हा अर्ज करा.

आमच्या भाऊंनी नवा चष्मा केला, नेत्रतज्ज्ञांचा दाखला घेतला आणि २८ व्या दिवशी अपील दिले. सुनावणीत ते मान्य झाले. तोवर गाडी दारात उभी राहिली, एक हप्ता थकला. पण बांधी वाचली. आता भाऊ चष्मा लावूनच गाडी चालवतात, आणि लोकही खुशाल बसतात.

तेव्हा आज संध्याकाळी घरातला परवाना काढा, त्याची मुदत पाहा, आणि घरच्या चालकाचे डोळे तपासून घ्या.