शीत आणि भात

जून १८८७च्या दुसऱ्या आठवड्यात बर्लिनमध्ये विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्शो यांनी एक अहवाल लिहिला. जर्मनीच्या युवराजांच्या डाव्या स्वरतंतूवरून चिमट्याने काढलेला तुकडा त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासला होता. तुकड्यात कर्करोग दिसत नव्हता. वरच्या आवरणाची चामखिळीसारखी जाड वाढ तेवढी होती, आणि कापलेल्या कडेचा भाग निरोगी वाटत होता. हे सारे नोंदवून झाल्यावर फिर्शो यांनी आणखी एक वाक्य लिहिले. त्याचा आशय असा, की हाती आलेल्या दोन तुकड्यांवरून संपूर्ण आजाराविषयी असाच निर्वाळा देणे योग्य ठरेल की नाही, हे खात्रीने सांगता येत नाही. पुढच्या वर्षभरात या अहवालाचा पहिला भाग युरोपभरच्या वर्तमानपत्रांतून गाजला. हे शेवटचे वाक्य मात्र कोणी मनावर घेतले नाही. घशाच्या रोगनिदानाच्या इतिहासात इतके मोलाचे आणि इतके दुर्लक्षित वाक्य मला दुसरे दिसत नाही.

युवराज फ्रीडरिश विल्हेल्म यांची कथा वाचकांना ठाऊक असेल. राणी व्हिक्टोरियाचे थोरले जावई, उदारमतवाद्यांची आशा, मार्च १८८८मध्ये सम्राट झाले तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता, कागदाच्या चिठोऱ्यांवर आज्ञा लिहीत त्यांनी राज्य केले आणि ९९व्या दिवशी ते गेले. ते जगते तर जर्मनी वेगळ्या वाटेने गेला असता काय, यावर इतिहासकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. त्या तर्काला अंत नाही, म्हणून तो मी बाजूला ठेवतो. मला बांधून ठेवतो तो त्यांचा घसा. इतके डोळे ज्यात डोकावले आणि ज्याच्या इतक्या तारीखवार नोंदी उरल्या, असा एकोणिसाव्या शतकातला दुसरा घसा क्वचितच सापडेल. रुग्ण दगावल्यावर महिनाभरातच जर्मन डॉक्टरांनी आपली बाजू छापली, आणि त्याच शरदात युवराजांचे इंग्रज डॉक्टर मोरेल मॅकेन्झी यांनी पुस्तकभर उत्तर दिले. दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडलेल्या असल्यामुळे, एकीने झाकलेले दुसरीने उघडे केले आहे.

हातच्या काकणाला आरसा लागत नाही, पण घशातल्या स्वरतंतूंना लागतो. तो आरसा वैद्यकाला मिळून तेव्हा जेमतेम तीस वर्षे झाली होती, आणि तोही एका गायनशिक्षकाकडून. मानुएल गार्सिया यांनी १८५४ साली पॅरिसमध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश यांच्या जोरावर स्वतःचे हलते स्वरतंतू पाहिले. पुढे व्हिएन्नाच्या ट्युर्क यांनी तो आरसा रुग्णांवर वापरला, चेर्माक यांनी त्याला दिव्याच्या उजेडाची जोड दिली, आणि श्रेय कुणाचे यावरून दोघांत वितुष्ट आले. त्या भांडणात मी शिरत नाही. चेर्माक यांच्याकडून ही कला शिकलेला एक तरुण इंग्रज डॉक्टर म्हणजे मॅकेन्झी, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. १८६३ साली त्यांनी लंडनमध्ये केवळ घशाच्या रोगांसाठी रुग्णालय काढले. त्यांचा ग्रंथ जर्मन डॉक्टरही वापरत. युवराजांसाठी त्यांचे नाव जर्मन डॉक्टरांच्याच सल्लामसलतीतून पुढे आले होते. ‘इंग्रज बायकोने आणलेला इंग्रज डॉक्टर’ हा प्रवाद मागाहून रचला गेला. आरशाची मर्यादा मात्र कितीही तरबेज हाताला चुकत नव्हती. त्यात स्वरतंतूंचा वरचा पृष्ठभाग दिसे, खालची बाजू दिसत नसे. स्वरयंत्र थेट डोळ्यांनी पाहण्याची रीत आल्फ्रेड किर्श्टाइन यांनी बर्लिनमध्येच काढली, पण ती १८९५ साली, युवराज जाऊन सात वर्षे झाल्यावर.

जानेवारी १८८७मध्ये युवराजांचा आवाज बसला. मार्चच्या आरंभी प्राध्यापक गेरहार्ट यांनी आरसा घालून पाहिले, तर डाव्या स्वरतंतूच्या कडेला एक लहान गाठ होती. तारेच्या फासाने ती निघेना, म्हणून मग लाल तापलेल्या तारेने ती जाळायला सुरुवात झाली. हे जाळणे बरेच दिवस जवळजवळ रोज चालले. हवापालटासाठी एम्सला जाऊन मेच्या मध्यावर युवराज परतले, तेव्हा गाठ पूर्वीपेक्षा मोठी झाली होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की गेरहार्ट यांना तो स्वरतंतू आता मंद हलताना दिसला. उजवा चपळपणे मध्यभागी येई, डावा मागे रेंगाळे. साधी गाठ स्वरतंतूवर बसलेली असते. ती आवाज बिघडवते, पण तंतूचे हलणे थांबवत नाही. हलणे मंदावले म्हणजे पृष्ठभागावरचे काहीतरी खाली स्नायूपर्यंत उतरले, असा तर्क निघतो. गेरहार्ट, शल्यविशारद बेर्गमान आणि घशाचे जाणकार टोबोल्ड या तिघांनी कर्करोगाचे निदान केले. गळा बाहेरून उभा चिरून, स्वरयंत्र उघडून रोग काढायचा, असे ठरले. मॅकेन्झी २० मे रोजी बर्लिनला पोहोचले तेव्हा शस्त्रक्रियेची सिद्धता झालेली होती. त्यांनी ती थांबवली. आधी तुकडा काढा, तो फिर्शो यांना दाखवा, मग सुरी धरा, असे त्यांचे म्हणणे पडले.

या मागणीत मला काहीही वावगे दिसत नाही. उलट त्या खोलीत मॅकेन्झीच आजच्या डॉक्टरांच्या सर्वांत जवळचे होते. कर्करोग सिद्ध झाल्याशिवाय मोठी शस्त्रक्रिया करू नये, हा नियम आज कोणीही डॉक्टर मोडणार नाही. तोंडातून चिमटा घालून, आरशात उलटे दिसणारे चित्र पाहत, हलत्या स्वरतंतूचा कण टिपणे हे कसब होते, आणि ते मॅकेन्झींपाशी होते. मेमध्ये त्यांनी पहिला तुकडा काढला. त्यानंतरचा प्रयत्न अपुरा ठरला, आणि त्यात त्यांनी निरोगी उजवा तंतू दुखावला, असा आरोप गेरहार्ट यांनी केला. जूनमध्ये मोठा तुकडा मिळाला, आणि पुढे इंग्लंडमध्ये आणखी एक. फिर्शो यांना एकातही कर्करोग आढळला नाही. युवराज लंडनला जाऊन सासूबाईंच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी मिरवणुकीत पांढऱ्या गणवेशात घोड्यावर मिरवले. आवाज थोडा सुधारला. सप्टेंबरमध्ये मॅकेन्झींना सरदारकी मिळाली.

चूक झाली ती अहवाल वाचताना. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि ती बरोबर ठरते, कारण पातेल्यातला भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. वरचे शीत मऊ लागले तर खालचेही मऊ असणार, हे आपण गृहीत धरू शकतो. गाठीला हे गृहीत लागू पडत नाही. ती थराथराने वाढते, आणि वरच्या थराचा स्वभाव खालच्या थराहून अगदी निराळा असू शकतो. १९४८ साली अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ लॉरेन ॲकरमन यांनी तोंडातल्या अशाच एका कर्करोगाचे वर्णन केले. त्याची वरची वाढ चामखिळीसारखी, पेशी सभ्य दिसणाऱ्या, आणि वरवरचा तुकडा घेतला तर तपासणीत काहीही वाईट न दिसणारी. खालची कड मात्र ऊतींमध्ये रेटत जात असते. फिर्शो यांचे वर्णन याच्याशी इतके जुळते, की युवराजांचा रोग निदान आरंभी तरी याच जातीचा असावा, असे पुढे अनेकांना वाटले आणि मलाही वाटते. म्हणजे फिर्शो यांनी पाहिले ते खरेच होते. त्यांच्यापाशी आलेले शीत शिजलेलेच होते. तुकड्याचा होकार हा रोगाचा पुरावा असतो. तुकड्याचा नकार तेवढ्या तुकड्यापुरता असतो. त्या दोहोंचे वजन मॅकेन्झींनी एकच धरले, आणि मंदावलेल्या स्वरतंतूची साक्ष खोडून टाकली.

त्यांच्या बाजूने दोन आक्षेप घेता येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की गेरहार्ट यांनी इतके दिवस तापल्या तारेने जाळल्यावर तंतू सुजणार आणि जड होणार हे उघडच होते. मग त्याचे मंदावणे कर्करोगाचे लक्षण कशावरून? मेमध्ये ही शंका रास्त होती. पण सूज उतरते. उन्हाळाभर जाळणे बंद असताना तंतू पूर्ववत चपळ झाला काय, हे महिन्या-महिन्याने पाहून ठरवता आले असते, आणि तुकडा निर्दोष असूनही तंतू मंदच राहिला तर ती विसंगतीच दुसरा, खोलवरचा तुकडा मागत होती. दुसरा आक्षेप उपचाराचा. स्वरयंत्राच्या कर्करोगावरच्या शस्त्रक्रियांचा तेव्हाचा अनुभव भयंकर होता. बिलरोथ यांनी १८७३च्या अखेरीस व्हिएन्नात संपूर्ण स्वरयंत्र प्रथम काढले, तो रुग्ण काही महिनेच जगला. त्यानंतरच्या अनेकांना तेवढेही आयुष्य लाभले नाही. मॅकेन्झींनी युवराजांना वर्षभर तरी जगवले, असे त्यांचे कैवारी म्हणत. मेमध्ये ठरलेली शस्त्रक्रिया मात्र स्वरयंत्र काढण्याची नव्हती, ते उघडून रोगाचा भाग छाटण्याची होती. बेर्गमान तिचा धोका साध्या श्वासनलिकाछेदाहून अधिक मानत नव्हते, जे मला अतिआशावादी वाटते. बिस्मार्क यांच्या आठवणींत तर रुग्णाला न सांगता बेशुद्ध करून स्वरयंत्रच काढण्याचा बेत होता असे आहे. तो तपशील वैद्यकीय नोंदींशी जुळत नाही, पण संमतीचा प्रश्न त्यांनी उपस्थित केला असेल तर तो योग्यच होता. हे सारे मान्य करूनही माझे म्हणणे उरते. उपचार भीतिदायक आहे म्हणून तो नाकारता येतो. तो हक्क रुग्णाचा आहे. पण उपचाराची भीती निदानात झिरपली की रुग्णाच्या हातून तो हक्कच निसटतो. युवराजांना उन्हाळाभर निवड करायलाच मिळाली नाही, कारण निवड करण्याजोगे काही आहे, हे त्यांना सांगितले गेले नव्हते.

फिर्शो यांनाही काहींनी दोषी धरले. कर्करोग संयोजी ऊतींतून उपजतो, असा त्यांचा जुना सिद्धांत होता, आणि टीर्श व वाल्डायर या संशोधकांनी तो आवरणाच्या पेशींतून उपजतो हे दाखवून दिले होते. आपल्या सिद्धांतामुळे फिर्शो आंधळे झाले, असा हा तर्क. मला तो पटत नाही. आंधळा झालेला माणूस आपल्या दृष्टीची हद्द लिहून देत नाही. त्यांच्याकडून फार तर एवढीच अपेक्षा करता येईल, की ते वाक्य त्यांनी अहवालाच्या तोंडाशी घालायला हवे होते.

तुकडा आणि स्वरतंतूची हालचाल या दोन साक्षींचा निवाडा आज रोगाच्या वर्गीकरणातच झालेला आहे. स्वरतंतूच्या कर्करोगात तंतू नीट हलत असेल तर पहिला टप्पा, हालचाल मंदावली की दुसरा, तो जागीच खिळला की तिसरा. म्हणजे गेरहार्ट यांनी आरशात पाहिलेले लक्षण आता उपचार ठरवते. पहिल्या टप्प्यात किरणोपचाराने किंवा तोंडातून केलेल्या लेझर शस्त्रक्रियेने बहुसंख्य रुग्ण बरे होतात, आणि स्वरयंत्रही वाचते. हे आपल्यासाठी दूरदेशीचे नाही. २०१६-१७च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. ॲकरमन यांनी वर्णिलेला चामखिळीसारखा कर्करोग तंबाखू चघळणाऱ्यांच्या गालात आपल्याकडचे डॉक्टर नेहमी पाहतात. ‘रिपोर्ट निल आला’ हे शब्द ऐकून सुटकेचा श्वास टाकत घरी परतणारी कुटुंबे परळच्या टाटा रुग्णालयापासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत सर्वत्र आहेत. त्यांचा आनंद बहुतेक वेळा खराच असतो. पण गाठ वाढत असेल, आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेलाच असेल, आणि तुकडा वरवरचा घेतलेला असेल, तर पुन्हा खोलवरचा तुकडा मागणाऱ्या डॉक्टरांवर नातेवाईक रागावतात, हे मला खटकते. ते डॉक्टर फिर्शोंचे शेवटचे वाक्य पाळत असतात.

६ नोव्हेंबर १८८७ रोजी इटलीच्या किनाऱ्यावर सान रेमो येथे मॅकेन्झींनी आरसा घातला तेव्हा स्वरतंतूच्या खालून एक नवी वाढ वर आलेली दिसली. जे त्या आरशात कधी दिसलेच नसते ते आता आपणहून दृष्टीच्या टप्प्यात आले होते, आणि ही वाढ घातक दिसते, हे मॅकेन्झींनीच युवराजांना सांगितले. संपूर्ण स्वरयंत्र काढण्याचा पर्याय तेव्हा समोर ठेवला गेला, तो युवराजांनी नाकारला. ९ फेब्रुवारीला श्वास कोंडू लागला म्हणून बेर्गमान यांचे साहाय्यक ब्रामान यांनी श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवली. मार्चच्या सुरुवातीला वाल्डायर यांनी थुंकीबरोबर पडलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. त्यासाठी चिमटा लागला नाही, तरबेज हात लागला नाही. रोग खोलवरून सुटून स्वतःच बाहेर आला होता, आणि त्या कणांत कर्करोगाच्या पेशी स्पष्ट दिसत होत्या.