आतड्याला ग्लुटामिनचा आधार

रक्ताच्या कर्करोगावर दुसऱ्याच्या मूळपेशी देऊन उपचार करण्याची वाट अमेरिकेत डॉ. ई. डोनॉल थॉमस यांनी घालून दिली. १९९०च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. भारतातले असे पहिले प्रत्यारोपण १९८३मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. आजही या उपचारात एक धास्ती कायम असते, ती म्हणजे जीव्हीएचडी. दात्याच्या टी-पेशी रुग्णाच्या शरीरालाच परके ठरवतात आणि त्वचा, यकृत, आतडे यांच्यावर तुटून पडतात. त्या काढून टाकाव्यात, तर उरलेल्या कर्करोगपेशींचा फडशा पाडणाऱ्याही त्याच!

या हल्ल्याला चिथावणी बरेचदा आतड्यातून मिळते. प्रत्यारोपणाआधीच्या जबर केमोथेरपीने किंवा किरणोपचाराने आतड्याचे अस्तर सोलवटते, जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात आणि प्रतिकारयंत्रणा खवळते. अस्तर शाबूत राहिले तर ही चिथावणीच कमी होईल, या विचाराने संशोधक ग्लुटामिनकडे वळले. हे अमिनो आम्ल शरीर स्वतः तयार करते, पण मोठ्या आजारात ते पुरत नाही. आणि आतड्याच्या पेशींचे तर ते मुख्य इंधन. जीव्हीएचडी झालेल्या उंदरांना तोंडावाटे ग्लुटामिन दिल्यावर आतड्याची गळती कमी झाली. माणसांत, १९९२मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४५ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत, शिरेतून दिलेल्या पोषणात ग्लुटामिन घातल्यावर जंतुसंसर्ग घटला आणि रुग्ण साधारण आठवडाभर आधी घरी गेले.

मला यात खरी आशा दिसते, कारण इथे प्रतिकारशक्ती दडपायची नसून आतड्याला सावरायचे आहे. पण संसर्ग घटणे म्हणजे जीव्हीएचडी टळणे नव्हे. त्यासाठी मोठ्या, काटेकोर चाचण्याच हव्यात. शिवाय अनेक कर्करोगपेशीही ग्लुटामिनवर पोसतात. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अतिदक्षता विभागांतल्या १,२२३ रुग्णांच्या चाचणीत तर मोठ्या मात्रेत ग्लुटामिन मिळालेल्यांमध्ये मृत्यू जास्त झाले. ते रुग्ण प्रत्यारोपणाचे नव्हते, अनेक अवयव निकामी होत आलेले होते. तरीही हा इशारा डावलता येणार नाही.

जिममध्ये जाणारी मुले ग्लुटामिनचे डबे सर्रास आणतात. प्रत्यारोपण झालेल्या माणसाला मात्र त्यातला एक चमचाही त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.