झिरकॉनची जबानी

पृथ्वीवर जीव केव्हा अवतरला, या प्रश्नाचा निकाल ज्या दफ्तरावरून लागावयाचा, त्याची आरंभीची पाने पृथ्वीनेच वितळवून, दडपून आणि झिजवून नाहीशी केली आहेत. पहिल्या पन्नास कोटी वर्षांतला अखंड खडक आज जवळजवळ कोठेच उरलेला नाही. अशा स्थितीत पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स या रुक्ष टेकड्यांत, सुमारे 300 कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या गोटेमिश्रित खडकात, त्याहून पुष्कळ जुने, मिलिमीटरच्या अंशाएवढे झिरकॉन या खनिजाचे स्फटिक सापडावेत, हे संशोधकांचे भाग्यच म्हटले पाहिजे.

झिरकॉन घडताना युरेनियमला आपल्या रचनेत थारा देतो, शिशाला मात्र सहसा देत नाही. यास्तव आज त्यात आढळणारे शिसे युरेनियमच्या ऱ्हासातूनच आलेले असणार, आणि त्या ऱ्हासाची गती ठाऊक असल्यामुळे दोहोंच्या प्रमाणावरून स्फटिकाची जन्मतिथी काढता येते. या हिशेबाने 2001 साली एका कणाचे वय 440 कोटी वर्षे ठरले. त्यातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून असेही दिसले, की ज्या द्रव्यापासून मूळचा शिलारस झाला, त्याचा द्रवरूप पाण्याशी पूर्वी संबंध आला असावा. कोवळी पृथ्वी म्हणजे निव्वळ धगधगता गोळा, ही आपल्या पाठ्यपुस्तकांनी इमानेइतबारे जपलेली समजूत त्यामुळे बरीच डळमळली.

पाण्याचा दाखला मिळाला, जीवाचे काय? एलिझाबेथ बेल आणि मार्क हॅरिसन प्रभृती भूवैज्ञानिकांनी 2015 साली जॅक हिल्सच्याच 410 कोटी वर्षांच्या एका झिरकॉनमध्ये, कोठेही तडा न गेलेल्या भागात, ग्रॅफाइटचे, म्हणजे कार्बनच्याच एका रूपाचे, दोन सूक्ष्म कण दाखविले. जीव हलक्या कार्बनला झुकते माप देतो, आणि या ग्रॅफाइटमध्ये हलका कार्बन तसाच अधिक होता. परंतु जीवाच्या साहाय्यावाचूनही काही रासायनिक क्रिया असा कार्बन निर्माण करू शकतात, आणि या मुद्द्यावर प्रतिपक्षाने केलेली उलटतपासणी प्रस्तुत लेखकाला रास्त वाटते.

अशी उलटतपासणी किती जरूर असते, हे ग्रीनलंडमधील इसुआ येथे दिसले. तेथील 370 कोटी वर्षांच्या खडकांतील शंक्वाकृती उंचवटे सूक्ष्मजीवांनी थरावर थर चढवून रचलेले स्ट्रोमॅटोलाइट होत, असे 2016 साली जाहीर झाले; 2018 साली अ‍ॅबिगेल ऑलवूड आणि सहकाऱ्यांनी तेच उंचवटे दुसऱ्या बाजूंनी न्याहाळले, तेव्हा त्यांतले काही शंकू नसून खडक दाबला गेल्याने उठलेल्या लांबट वळ्या असल्याचे दिसले. याच ऑलवूड यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा प्रदेशातल्या स्ट्रेली पूल येथील सुमारे 343 कोटी वर्षांच्या स्ट्रोमॅटोलाइटांचा पक्ष मात्र 2006 साली हिरिरीने मांडला होता, कारण तेथे आकार नानाविध होते आणि ते प्राचीन उथळ समुद्राच्या रचनेशी जुळत होते. जॅक हिल्सच्या ग्रॅफाइटपाशी असा परिसराचा आधार नाही. दहा हजारांहून अधिक झिरकॉन पालथे घातल्यावर हाती आलेला तो एकटाच साक्षीदार आहे, आणि एकट्याच्या जबानीवर जीवाचा जन्मदिनांक स्ट्रेली पूलच्याही सुमारे सत्तर कोटी वर्षे मागे नेण्यास भूवैज्ञानिक अद्याप राजी नाहीत.