वनस्पतिचित्रांतील विषारी शोभेची फुलझाडे

वनस्पतिचित्र म्हणजे वनस्पतीची अचूक ओळख पटावी, या हेतूने प्रत्यक्ष नमुन्यावरून काढलेले चित्र. छायाचित्रण रूढ होण्यापूर्वी वनस्पतिशास्त्र आणि वैद्यक यांचा मोठा आधार अशी चित्रे हाच होता. कळलावी, कण्हेर व धोत्रा ही शोभेसाठी लावली जाणारी, परंतु विषारी फुलझाडे जुन्या चित्रग्रंथांत आढळतात.

इतिहास

मलबारच्या वनस्पतींवरील 'हॉर्टस मलबारिकस' हा १२ खंडांचा लॅटिन ग्रंथ डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांनी त्याला साहाय्य केले. त्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. या ग्रंथात धोत्रा 'हुम्माटू', कण्हेर 'अरेली' व कळलावी 'मेंदोनी' या मल्याळम नावांनी येतात. त्यातील चित्रे ताम्रपटावरून छापलेली आहेत.

महाराष्ट्रात पुण्याजवळील दापोडी येथे मुंबई सरकारचे वनस्पतिउद्यान होते. त्याचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून तेथील वनस्पतींची रंगीत चित्रे काढून घेतली. हा संग्रह आज एडिंबरा येथील राजकीय वनस्पतिउद्यानात आहे. चित्रकाराचे नाव मात्र अज्ञातच राहिले.

चित्रांची रचना

अशा चित्रात मध्यभागी फुलांसह फांदी आणि कडेला फळ, बी, कंद किंवा फुलाचा उभा छेद दाखविण्याची पद्धत आहे. जर्मनीत १८८७ पासून प्रसिद्ध झालेल्या 'कोहलर' यांच्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथातील चित्रे याचा उत्तम नमुना होत. पाहणाऱ्याची दृष्टी फुलावर खिळते. विष मात्र पुष्कळदा कडेच्या या लहान आकृतींतील बियांत आणि कंदात अधिक असते.

प्रमुख वनस्पती

कळलावी: लाल-पिवळ्या, ज्वालेसारख्या पाकळ्यांची वेल. कंदात व बियांत कॉल्चिसीन असते. प्रथम उलट्या व जुलाब होतात, पुढे अस्थिमज्जेचे कार्य मंदावते. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी पूर्वी कंदाचा उपयोग करीत. त्यावरूनच हे नाव पडले.

कण्हेर: सर्व भागांत ओलिअँड्रिनसारखी द्रव्ये असतात, ती हृदयाची लय बिघडवितात. पिवळी कण्हेर (बिट्टी) मूळची अमेरिकेतील असून तिच्या बियाही तितक्याच घातक आहेत.

धोत्रा: ॲट्रोपिन व स्कोपोलामिन यांमुळे तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात आणि भ्रम होतो.

दक्षता

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. शिवपूजेत धोत्र्याची फुले व फळे वाहण्याची प्रथा आहे, तर कण्हेर अंगणात व रस्त्याच्या दुभाजकांवर सर्रास लावली जाते. त्यामुळे ही झाडे मुलांच्या नित्य परिचयाची असतात, आणि परिचयामुळेच भीती उरत नाही. मुलांना केवळ फूल नव्हे, तर बी, फळ व कंदही ओळखण्यास शिकविणे आवश्यक ठरते. विषबाधेचा संशय आल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता, उलटी करविण्याचा प्रयत्न न करता, रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. खाल्लेल्या झाडाची फांदी किंवा फळ सोबत नेल्यास डॉक्टरांना ओळख पटविणे सोपे जाते.