परिप्रश्न करणारा शिष्य

पिंपळनेरवरून वाहणारी पांझरा पुढे धुळे शहरास जाते. त्या धुळ्याच्या कारागृहात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. खानदेशच्या भूमीस लाभलेल्या या भाग्याचे स्मरण गुरुपौर्णिमेच्या पर्वकाळी झाल्यावाचून राहत नाही.

गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञानप्राप्तीची तीन साधने सांगितली आहेत : प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. आज घरोघरी व्यासपूजन होईल, गुरुचरणी मस्तक टेकविले जाईल, यथाशक्ति सेवाही घडेल. परंतु परिप्रश्नाचे काय? गुरूस प्रश्न विचारणे म्हणजे अश्रद्धा, असा समज आपल्यात खोल रुजला आहे. तो कितपत खरा, हे पाहण्यासाठी आम्ही एका ख्रिस्तशिष्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवतो. विनोबांनीही पुढे ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध केलेच होते.

येशू ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी एक थोमा. योहानाच्या शुभवर्तमानात त्याच्याविषयी थोडेच प्रसंग आहेत, पण ते बोलके आहेत. शत्रूंच्या प्रदेशात जाण्यास गुरू निघाले, तेव्हा आपणही त्यांच्यासवे मरावयास जाऊ, असे सोबत्यांना सांगणारा थोमाच. पुढे गुरूंनी आपल्या जाण्याची वाट तुम्हांस ठाऊक आहे असे म्हटले, तेव्हा आम्हांस ठिकाणच ठाऊक नाही, मग वाट कशी कळावी, असे सरळ विचारणाराही तोच.

गुरूंना क्रुसावर खिळल्यानंतर ते पुन्हा उठले, असे इतर शिष्य सांगू लागले. थोमा तेव्हा हजर नव्हता. खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय व त्यांस हात लावल्याशिवाय मी मानणार नाही, असे तो म्हणाला. आठ दिवसांनी गुरू प्रकट झाले. त्यांनी थोमास जवळ बोलाविले आणि आपले व्रण त्याच्यापुढे केले. न पाहता विश्वास ठेवणारे धन्य होत, असे त्यांनी सांगितले खरे. पण प्रश्न विचारला म्हणून शिष्यास दूर लोटले नाही. थोमाने त्यांना आपला प्रभू, आपला देव म्हणून ओळखले.

परिप्रश्नातून प्रणिपात घडला, तो असा. सेवा राहिली होती. इ. स. ५२ च्या सुमारास थोमा केरळच्या किनाऱ्यावर उतरला आणि मद्रासजवळ मैलापूर येथे त्याने देह ठेवला, असे तेथील ख्रिस्ती परंपरा मानते. त्याचा स्मृतिदिन ३ जुलै. २०२३ साली गुरुपौर्णिमाही त्याच दिवशी आली होती.

या चरित्रातून दोन बोध आम्हांस घ्यावेसे वाटतात. ज्याची शंका प्रामाणिक आहे, त्याने ती दडवू नये. आणि शंका फिटल्यावर मात्र सबबी न सांगता चालू लागावे. अर्जुनानेही भर रणांगणात प्रश्नामागून प्रश्न विचारले आणि समाधान होताच गांडीव उचलले. तसेच, जो गुरू प्रश्नाने रागावतो आणि केवळ दक्षिणेने प्रसन्न होतो, त्याच्या चरणी मस्तक ठेवण्यापूर्वी गृहस्थाने विचार करावा.

आज पूजेच्या वेळी घरातील एखादे लेकरू विचारील, देव दिसत का नाही? त्यास गप्प बसवू नये. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे आणि त्याच्यासह शोधावयास बसावे. व्यासपूजनाचा तोही एक विधीच होय.